विषविक्रयाचा परवाना आणि विक्रेत्याची वही

(१)

ऐतिहासिक साधनांच्या संग्राहकांचें लक्ष सनदा, महजर, निवाडपत्रें, करीने व बखरी यांजकडे जितकें जातें, तितकें दुकानदारांच्या वह्यांकडे जात नाहीं. सावकारी खतावण्या व रोजकीर्दी यांस आतां थोडाबहुत मान मिळूं लागला आहे. परंतु दुकानांतील ज्या एका वहीस प्रत्यक्ष कायद्यानें जन्म दिला, जींत घेणाराचें नांव, गांव, मालाचें वजन व घेण्याचें कारण हीं एका ओळींत सांपडण्याचा संभव असतो, ती वही मात्र दुकान बंद झालें म्हणजे रद्दींत जाते. ही वही म्हणजे विष विकणाराची नोंदवही होय. ती ठेवण्याची जबाबदारी ज्या कागदानें दुकानदारावर येते, तो कागद म्हणजे विषविक्रयाचा परवाना. या दोन कागदांचा पूर्वेतिहास थोडक्यांत मांडावा, व त्यांच्या संग्रहाची आवश्यकता वाचकांच्या नजरेस आणावी, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

विवेचनाचा मध्यबिंदु म्हणून आम्ही परभणी जिल्ह्यांतील पूर्णा हें गांव घेतों. महाराष्ट्रांत पूर्णा नांवाच्या दोन नद्या प्रसिद्ध आहेत. एक वऱ्हाडांतून वाहत जाऊन तापीस मिळते. दुसरी अजिंठ्याच्या डोंगरांत उगम पावून परभणीच्या मुलखांतून गोदावरीस मिळते. प्रस्तुत गांव या दुसरीच्या नांवाचें. हें उदाहरण निवडण्यास दोन कारणें आहेत. पहिलें असें कीं, मनमाडहून सिकंदराबादेकडे जाणाऱ्या लोहमार्गास येथेंच हिंगोलीकडील फांटा फुटतो. म्हणजे परक्या माणसाची ये-जा हा या गांवाचा नित्याचा अनुभव होय. दुसरें असें कीं, इ. स. १९४८ पर्यंत हें गांव निजामाच्या राज्यांत होतें, आणि हिंगोलीच्या पलीकडे लागणारें वाशिम हें वऱ्हाडांत, म्हणजे इंग्रजी अंमलाखालीं होतें. कायद्याची सीमा व बाजाराची वाट यांचा संबंध पाहण्यास अशी जागा फार सोयीची असते. या दोन्ही गोष्टींचा उपयोग पुढें दिसून येईल.

(२)

विषाच्या विक्रीवर निर्बंध असावा ही कल्पना इंग्रजी अमदानींत प्रथमच उत्पन्न झाली असें समजण्याचें कारण नाहीं. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायांत, आपत्काळीं वैश्यवृत्तीनें राहणाऱ्या ब्राह्मणानें कोणते जिन्नस विकूं नयेत याची यादी आहे, तींत पाणी, शस्त्र व मांस यांच्या पंक्तींत विषाचीही गणना केली आहे. हा निर्बंध विकणाराच्या वर्णधर्मावर आधारलेला आहे. घेणारा कोण, किती घेतो, कशासाठीं घेतो, याची चौकशी त्यांत नाहीं.

कौटिलीय अर्थशास्त्राची दृष्टि निराळी आहे. म्हैसूरचे शामशास्त्री यांनीं इ. स. १९०९ सालीं हा ग्रंथ छापून प्रसिद्ध केल्यापासून तो अभ्यासकांच्या हातीं आहे. त्याच्या दुसऱ्या अधिकरणांत कुप्याध्यक्ष म्हणजे अरण्यांतील मालावरचा अधिकारी याचें प्रकरण आहे. तेथें लाकूड, वेत, साली, कातडीं यांच्याबरोबर कालकूट, वत्सनाभ, हालाहल इत्यादि विषांचा वर्ग स्वतंत्र सांगितला आहे. म्हणजे विष हा सरकारी अधिकाऱ्याच्या देखरेखीखालचा माल ठरतो. एके ठिकाणीं विकणाराचा धर्म, दुसरे ठिकाणीं राजाचें कोठार. परवान्याची कल्पना या दोहोंहून भिन्न आहे. माल खाजगी दुकानांतच राहतो, विकणाराही खाजगीच असतो. सरकार फक्त त्यास परवानगी देतें आणि त्या परवानगीच्या मोबदल्यांत त्याजकडून लिखाण मागतें. या लिखाणाचाच आम्हांस येथें विचार करावयाचा आहे.

(३)

परवान्याखालीं आलेले जिन्नस कोणते, हें सांगतांना हस्तलिखितांच्या संग्राहकांस आपल्याच घरची आठवण झाल्यावांचून राहणार नाहीं. सोमल, हरताळ व मनशीळ हे तिन्ही एकाच धातूचे प्रकार. सोमल पांढरा, हरताळ पिवळा, मनशीळ तांबूस. याशिवाय पाऱ्यापासून होणारा रसकापूर, झाडपाल्यांतील बचनाग व कुचला, आणि अफू, हीं काष्ठौषधींच्या दुकानांत पिढ्यानपिढ्या चालत आलेलीं आहेत. यांतील एकही जिन्नस केवळ घातासाठीं नव्हता. सोमल उंदीर व वाळवी मारण्यास, कातडीं टिकविण्यास, घोड्यांच्या औषधांत व वैद्यांच्या मात्रांत लागे. हरताळ तर लेखकाच्या सामानांतीलच एक वस्तु होती. पोथी लिहितांना अक्षर चुकलें म्हणजे त्यावर हरताळाचा लेप द्यावयाचा, व तो वाळल्यावर त्यावर शुद्ध अक्षर लिहावयाचें, हा प्रघात आमच्या वाचकांनीं शेंकडों पोथ्यांत पाहिला असेल. केलेल्या कामावर हरताळ फासणें हा भाषेंतला प्रयोग त्यावरूनच आला आहे. दुकानें बंद ठेवण्याच्या हरताळाशीं त्याचा संबंध नाहीं. तो शब्द हट्ट म्हणजे बाजार यावरून आलेला आहे.

ज्या द्रव्यानें माणूस मरतो त्यानेंच पोथी जगते, ही गोष्ट कायदा करणारांच्या मार्गांतील मुख्य अडचण होती. विष सर्वस्वीं बंद करावें, तर चांभार, शेतकरी, वैद्य, सोनार, चितारी व पोथी लिहिणारा या सर्वांचें काम अडतें. मोकळें सोडावें, तर दोन पैशांच्या सोमलानें एखादें घर बसतें. या पेंचांतून काढलेली तिसरी वाट म्हणजे परवाना.

(४)

या वाटेचा आरंभ इंग्लंडांत इ. स. १८५१ च्या सोमलाच्या कायद्यानें झाला. सोमलाची प्रत्येक विक्री वहींत लिहावी. विकणारास घेणारा माहीत नसेल तर दोघांसही माहीत असलेला साक्षीदार पाहिजे. आणि थोड्या प्रमाणांत विकावयाचा सोमल काजळीनें किंवा निळीनें रंगवून द्यावा, अशीं त्यांतील मुख्य कलमें होतीं. रंगविण्याचें कारण उघड आहे. पांढरा सोमल पिठांत किंवा साखरेंत मिसळला तर डोळ्यांस दिसत नाहीं व जिभेसही फारसा कळत नाहीं. साक्षीदाराचें कलम मात्र विशेष लक्षांत ठेवण्यासारखें आहे. ओळख हाच त्या काळचा दाखला होता.

हिंदुस्थानांत इंग्रजांस दोन प्रकारच्या विषप्रयोगांची धास्ती असे. रस्त्यावरील वाटसरूस धोतऱ्याचें बीं चारून लुटणें हा एक, व कातड्यांच्या लोभानें दुसऱ्याचीं गुरें सोमलानें मारणें हा दुसरा. यांपैकीं धोतरा उकिरड्यावर व बांधावर उगवतो. त्यास परवाना कोण देणार व कोण मागणार? कण्हेरीचीही तीच गोष्ट. परवान्याची सत्ता दुकानांतून जाणाऱ्या मालावरच चालते. सोमल बंदरांतून येई, घाऊक व्यापाऱ्याकडून किरकोळ दुकानीं जाई, व तेथून पुडींत बांधला जाई. म्हणून त्यावर नजर ठेवणें शक्य होतें. विषविक्रीच्या कायद्यांत सोमल नेहमीं अग्रभागीं कां दिसतो याचें उत्तर यांत आहे. तो विषांचा राजा म्हणून नव्हे, तर तो बाजाराचा माल म्हणून. मुंबई इलाख्यानें या बाबतींत इ. स. १८६६ सालींच आपला कायदा केला. तो त्या सालचा आठवा. इंग्लंडांतील औषधविक्रेत्यांचा व विषांचा विस्तृत कायदा इ. स. १८६८ चा आहे, म्हणजे मुंबईच्या मागून दोन वर्षांनीं आलेला.

परंतु इलाख्याचा कायदा इलाख्याच्या हद्दींतच चालणार. संस्थानी मुलखांत काय होत असे, याचें एक प्रसिद्ध उदाहरण मराठी इतिहासांतच आहे. बडोद्याचे मल्हारराव गायकवाड यांजवर रेसिडेंट कर्नल फेयर यास सरबतांतून विष देवविण्याच्या प्रयत्नाचा आरोप आला. ती घटना ता. ९ नोव्हेंबर १८७४ ची. पेल्याच्या तळाशीं राहिलेला गाळ मुंबईच्या सरकारी रासायनिक परीक्षकाकडे गेला, व त्यांत सोमल व हिऱ्याची पूड असल्याचा निर्णय झाला. इ. स. १८७५ च्या आरंभीं सहा जणांचें कमिशन बसलें. सर रिचर्ड कौच हे अध्यक्ष होते. ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदे, जयपूरचे महाराज रामसिंग व सर दिनकरराव हे तिघे एतद्देशीय सभासद होते. मल्हाररावांच्या बाजूनें सार्जंट बॅलंटाईन हे विलायतेहून आले. अखेर तीन इंग्रज सभासदांनीं आरोप शाबीत मानला, तिघां एतद्देशीयांनीं मानला नाहीं. पुढें एप्रिल १८७५ मध्यें मल्हाररावांस पदच्युत करण्यांत आलें, तें गैरकारभाराच्या कारणावरून.

या खटल्याचें राजकीय महत्त्व सर्वांस विदित आहे. आमचें लक्ष त्यांतील एका लहान भागाकडे आहे. महाराजांचा खाजगी चिटणीस दामोदरपंत हा माफीचा साक्षीदार झाला. सोमल कोठून आणला हें सांगतांना, प्रथम घोड्याच्या औषधाच्या निमित्तानें फौजदारी खात्याकडे लेखी मागणी केली. तेथून तो हातीं आला नाहीं. मग एका बोहरी व्यापाऱ्याकडून मिळविला, अशी त्याची जबानी होती. जबानी खरी कीं खोटी या वादांत आम्ही पडत नाहीं. परंतु तींत बडोद्यासारख्या राजधानींतील व्यवहाराचें चित्र उमटलें आहे. सोमल पाहिजे असल्यास फौजदारीकडे लिहावें, त्यास कांहीं कारण दाखवावें, ही रीत तेथें सर्वांस समजण्यासारखी होती. आणि तो मार्ग अडला असतां दुकानाचा मार्ग मोकळा होता. जेथवर सोमल मागण्याचा कागद होता तेथवर वकिलांस वाद घालण्यास कांहीं आधार होता. कागद संपला तेथून पुढें सारी इमारत एका माणसाच्या तोंडावर उभी राहिली, व तो माणूस स्वतःची मान सोडविण्यासाठीं बोलत होता. विक्रेत्याची नोंदवही कशासाठीं पाहिजे याचें याहून बोलकें उदाहरण आम्हांस ठाऊक नाहीं. तिनें विषप्रयोग टळला असता असें नव्हे. पण आरोप खरा असो वा खोटा, त्याचा निकाल तोंडावर न लागतां कागदावर लागला असता.

(५)

संबंध इंग्रजी हिंदुस्थानासाठीं विषांचा कायदा इ. स. १९०४ सालीं झाला, व तो मागें सारून इ. स. १९१९ चा बारावा कायदा आला. हा दुसरा कायदा अवघ्या थोड्या कलमांचा आहे. पण परवान्याचें सगळें शास्त्र त्याच्या दुसऱ्या कलमांत आलें आहे. प्रांतिक सरकारनें नियम करून कोणत्या बाबी ठरवाव्या, हें त्यांत सात रकमांनीं सांगितलें आहे. ठोक किंवा किरकोळ विक्रीसाठीं विष जवळ बाळगण्याचा परवाना व त्याची फी, ही पहिली रकम. परवाना कोणत्या वर्गाच्या लोकांसच द्यावा, ही दुसरी. विष कोणत्या वर्गाच्या लोकांसच विकावें, ही तिसरी. एका इसमास जास्तींत जास्त किती विकावें, ही चौथी. विक्रीची वही, तींतील रकाने व तिची तपासणी, ही पांचवी. माल सुरक्षित ठेवणें व भांड्यांवर आणि पुड्यांवर चिठ्ठी लावणें, ही सहावी. आणि शिल्लक मालाची प्रत्यक्ष पाहणी, ही सातवी.

हा क्रम विचारपूर्वक वाचला तर असें दिसतें कीं, त्यांत विकणारा, घेणारा, माल, वजन, जागा व कागद या सर्वांस स्वतंत्र बंधन आहे. आणि त्या सर्वांची गांठ पांचव्या रकमेंत, म्हणजे वहींत, पडते. तपासणीस आलेला अधिकारी फडताळांतील सोमल तोलतो, मागील शिलकेंतून वहींतील विक्री वजा करितो, व दोन्हींचा मेळ घालतो. मेळ बसला तर दुकानदार सुटला. जमाखर्चाच्या कोणत्याही विद्यार्थ्यास हें ओळखीचें वाटेल. फरक इतकाच कीं, येथें तोट्याचा अर्थ पैसे बुडाले असा नसून, न लिहिलेलें विष गांवांत कोठें तरी आहे, असा होतो.

नियम मोडणारास पहिल्या अपराधास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पांचशें रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही, व पुन्हां केल्यास सहा महिने किंवा हजार रुपये, अशी शिक्षा मूळ कायद्यांत होती. त्या काळच्या पांचशें रुपयांची किंमत वाचकांस सांगावयास नको. नववें कलमही ध्यानांत ठेवण्याजोगें आहे: आपल्या धंद्याच्या ओघांत प्रामाणिकपणें वागणाऱ्या वैद्यास व गुरांच्या वैद्यास हा कायदा आड येत नाहीं. चौथ्या कलमानें तर, खुनासाठीं किंवा गुरें मारण्यासाठीं विषाचा उपयोग ज्या टापूंत वारंवार होत असेल, तेथें विक्रीच काय पण नुसतें जवळ बाळगणेंही नियंत्रित करण्याचा अधिकार दिला आहे. गुरांच्या विषप्रयोगाची जी धास्ती वर सांगितली, तिचा ठसा या कलमांत राहिला आहे.

(६)

आतां पूर्णेकडे वळूं. १९१९ चा कायदा इंग्रजी हिंदुस्थानाचा. निजामाच्या मुलखांत तो आपोआप लागूं शकत नव्हता. वऱ्हाड इ. स. १८५३ पासून इंग्रजी कारभाराखालीं गेलें होतें. तरी तेंही तत्त्वतः निजामाचेंच असल्यानें तेथें इंग्रजी कायदे निराळ्या जाहीरनाम्यांनीं लागू करावे लागत. म्हणजे पूर्णेहून हिंगोलीवरून वाशिमास जाणारा मनुष्य एकाच बोलीच्या, एकाच कापूस-ज्वारीच्या मुलखांतून चालत असे. परंतु वाटेंत कायदा बदलत असे. १९४८ च्या सप्टेंबरांत हैदराबादचें संस्थान हिंदी संघराज्यांत आलें, तरी ही स्थिति लगेच पालटली नाहीं. नव्या घटनेंत हैदराबाद हें ब वर्गाचें राज्य ठरलें, आणि १९१९ च्या कायद्याच्या व्याप्तींतून ब वर्गाचीं राज्यें वगळलेलीं होतीं. ता. १ नोव्हेंबर १९५६ रोजीं मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यांत आला, तरी तें वगळणें तसेंच राहिलें. इ. स. १९५८ च्या चौतिसाव्या कायद्यानें तें काढून टाकलें, व तेव्हां कोठें पुणें आणि पूर्णा हीं विषाच्या बाबतींत एका कायद्याखालीं आलीं. दोन गांवांच्या नांवांत एका रफाराचें अंतर, पण कायद्यांत चाळीस वर्षांचें!

संशोधकांनीं यावरून एक धडा घ्यावयाचा आहे. परभणीकडील एखाद्या जुन्या दुकानाच्या दफ्तरांत १९५८ पूर्वींचा विषाचा कागद सांपडला, तर तो मुंबईच्या नमुन्याशीं ताडून पाहणें व्यर्थ होय. त्याची भाषा उर्दू असण्याचा संभव मोठा. त्यावरील सन फसली असेल, व हैदराबादच्या फसलींत ५९० मिळविले म्हणजे इसवी सन येतो, हेंही लक्षांत ठेवलें पाहिजे. मोडी वाचतां येते एवढ्यावर मराठवाड्याच्या अर्वाचीन इतिहासाचा अभ्यासक निर्वाह करूं शकत नाहीं.

दुसरा मुद्दा आगगाडीचा. १८५१ च्या कायद्यांत विकणारानें घेणारास ओळखावें किंवा ओळखणारा साक्षीदार आणावा अशी अट होती, हें वर सांगितलेंच आहे. खेड्यांत ही अट निराळी लिहिण्याची गरज नव्हती. काष्ठौषधींचा दुकानदार गिऱ्हाइकाच्या तीन पिढ्या ओळखीत असे, व सुनेनें सोमल कां मागितला हें सासऱ्यास संध्याकाळीं कळत असे. फांट्याच्या स्टेशनाचें गांव झालें म्हणजे ही व्यवस्था मोडते. गाडी बदलण्यास दोन घटका थांबलेला उतारू पुडी घेऊन पुढच्या गाडीनें निघून जातो. त्याची ओळख कोण देणार? परवाना व नोंदवही हीं परक्या माणसाच्या मागून आलेलीं आहेत, असें आमचें मत आहे. गांव जेथें ओळखीनें राखलें जात होतें, तेथें तें कागदानें राखण्याची वेळ आली, याची हीं साक्षीपत्रें होत.

(७)

या इतिहासाचा पुढील भाग अलीकडचा असल्यामुळें संक्षेपानें सांगतों. ज्या १९५८ सालीं विषांचा कायदा मराठवाड्यास लागू झाला, त्याच सालीं केरळांत कीटकनाशकाचा संसर्ग झालेलें धान्य खाण्यांत येऊन शंभराहून अधिक माणसें दगावलीं. त्या दुर्घटनेच्या चौकशींतून पुढें इ. स. १९६८ चा कीटकनाशकांचा कायदा व १९७१ चे नियम निघाले. कापसाच्या मुलखांत विषाचें मुख्य दुकान काष्ठौषधींचें न राहतां शेतीच्या औषधांचें झालें. त्याचा परवाना दुकानांत लोकांच्या दृष्टीस पडेल अशा जागीं लावावा लागतो. इ. स. २०१५ पासून तर नव्या विक्रेत्यास शेतकीच्या किंवा तत्सम विषयाच्या पदवीची अट आली. मनूच्या यादींत विकणाराचा वर्ण पाहिला जात होता. आतां विकणाराची विद्या पाहिली जाते. महाराष्ट्राचे स्वतःचे विष नियम इ. स. १९७२ चे आहेत.

शेवटचें वळण तेजाबाचें, म्हणजे अॅसिडाचें. हें द्रव्य सोनाराच्या व धुण्यापुसण्याच्या उपयोगाचें म्हणून सर्रास विकलें जाई. त्याच्या हल्ल्यानें विद्रूप झालेल्या लक्ष्मी नांवाच्या तरुणीनें केलेल्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयानें ता. १८ जुलै २०१३ रोजीं हुकूम दिला. विक्रेत्यानें वही ठेवल्यावांचून किरकोळ विक्री करूं नये. वहींत घेणाराचें नांव, पत्ता व माप लिहावें. घेणारानें सरकारी छायाचित्राचा दाखला दाखवून कारण सांगावें. अठरा वर्षांखालील कोणासही देऊं नये. सर्व सांठा पंधरा दिवसांत उपविभागीय दंडाधिकाऱ्यास कळवावा. न कळविल्यास जप्ती व पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड, असा त्याचा आशय आहे. शाळा, प्रयोगशाळा व रुग्णालयें यांसही वापराची वही ठेवण्यास सांगितलें. १८५१ चा साक्षीदार जाऊन २०१३ सालीं छायाचित्र आलें. पण वही तीच राहिली.

यावर कोणी म्हणेल, खोटें नांव सांगून, दुसऱ्याच्या हातून मागवून, किंवा वहीच न ठेवणाऱ्या दुकानांतून विष मिळतच असतें. मग या कागदाचा उपयोग काय? आक्षेप खोटा नाहीं. वहीनें दुष्टाचा हात धरवत नाहीं, व संतापाच्या किंवा निराशेच्या भरांत स्वतःच्याच जिवावर उठणाऱ्याचा तर त्याहून धरवत नाहीं. तरी वहीपुढें उभें राहून नांव व कारण सांगण्यास जो क्षणभर लागतो, तो क्षण कांहीं जणांस परत फिरवीत असेल. आणि जे फिरत नाहींत त्यांच्या मागें एक ओळ राहते. न्यायासनापुढें, व पुढें इतिहासापुढें, त्या ओळीवांचून दुसरें कांहींच उरत नाहीं.

(८)

आमच्या वाचकांस आतां तीन गोष्टींची विनंती करून हा लेख पुरा करितों.

पहिली, संग्रहाची. जुन्या औषधविक्रेत्यांचीं व काष्ठौषधींचीं दुकानें एकामागून एक बंद होत आहेत. तेथील रद्दी उचलली जात असतां विक्रीच्या वह्या, रद्द झालेले परवाने, तपासणीचे शेरे, चिठ्ठ्यांचे छापील नमुने, हे बाजूस काढून ठेवावे. चांभारानें कातड्यासाठीं, शेतकऱ्यानें उंदरांसाठीं, सोनारानें उजाळ्यासाठीं काय नेलें, किती नेलें, कोणत्या महिन्यांत नेलें, याची माहिती देणारें दुसरें साधन नाहीं. राजांच्या सनदांत ही माणसें येत नाहींत. येथें तीं आपल्या नांवागांवानिशीं येतात. मात्र अलीकडच्या वह्यांतील नांवें छापून कोणाच्या घरची जुनी जखम उघडी करूं नये. नोंदीचा अभ्यास करावा, नांव झांकावें.

दुसरी, सावधगिरीची. ज्या पोथ्यांत हरताळ लावलेला आहे, त्यांचीं पानें उलटतांना बोट जिभेस लावून ओलें करण्याची आपली जुनी संवय सोडली पाहिजे. हरताळ उजेडांत फार काळ राहिला असतां त्याचें पांढऱ्या सोमलांत रूपांतर होऊं लागतें, ही गोष्ट रसायनशास्त्रानें सिद्ध केली आहे. म्हणून अशा पोथ्या उन्हांत वाळत घालूं नयेत, त्यांवरील धूळ तोंडानें फुंकूं नये, त्या हाताळल्यावर हात धुवावे. कसरीपासून रक्षणासाठीं पूर्वीं कित्येक ठिकाणीं ग्रंथांस रसकापुराचें पाणी लावीत, व बांधणीच्या खळींत मोरचूद घालीत. असे ग्रंथ लहान मुलांच्या हातीं देऊं नयेत. दुकानाच्या दफ्तराबरोबर जुन्या बरण्या किंवा पुड्या मिळाल्या, तर कुतूहलानें उघडून पाहूं नयेत. त्या जाणत्या अधिकाऱ्याच्या स्वाधीन कराव्या.

तिसरी, आपल्या स्वतःच्या वागणुकीची. संग्रहाच्या रक्षणासाठीं विषारी द्रव्य विकत घेण्याचा प्रसंग संस्थांस व खाजगी संग्राहकांस अद्याप येतो. अशा वेळीं ओळखीच्या दुकानदाराकडून वहींत न लिहितां माल आणण्याचा मोह होतो. विद्वान मनुष्य आहे, पोथ्यांसाठीं नेतो, त्याला काय विचारावयाचें, असें दुकानदारासही वाटतें. आम्ही सांगतों, त्यानें विचारावें, व आपण सांगावें. घोड्याचें औषध म्हणून मागितलेल्या सोमलाचा इतिहास आपण वर वाचलाच आहे. आणखी शंभर वर्षांनीं पूर्णेच्या एखाद्या दुकानाची वही कोणा संशोधकाच्या हातीं पडली, तर तींत पोथ्यांच्या रक्षणासाठीं, अशी एक खरी ओळ त्यास सांपडावी, आणि आपण जपलेल्या पोथीशीं तिचा मेळ बसावा, एवढीच आमची इच्छा आहे.